ज्याचं त्याच्या हातात

आक्का स्वतःच्या खुर्चीत बसलेली मी कधी पाहिली नाही. उंच पाठीची, हिरव्या रेक्झिनची सरकारी खुर्ची होती. तिच्यात फाइल बसायची. त्या आठवड्यात जी फाइल महत्त्वाची, ती खुर्चीत पाठीला टेकून माणसासारखी ताठ. आक्का शेजारी लाकडी स्टुलावर. भेटायला येणारे दारातून आत डोकवायचे, खुर्चीत फाइल बघायचे, आणि स्टुलावरच्या बाईला विचारायचे, "सरकारी वकील कुठं गेल्यात?"

आक्का खुर्चीकडं बोट करायची. "त्या काय बसल्यात. बोला त्यांच्यासंगं."

नव्या माणसाला वाटायचं, बाई चळलीय. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. बेळगावात सरकारी वकिलांच्या ऑफिसात मी इंटर्न म्हणून गेले तेव्हा ती साठीच्या उंबऱ्यावर होती. चिकोडीकडच्या जैन शेतकरी घरातली. घरात कन्नड, गावात मराठी, कोर्टात इंग्रजी, आणि आकडे मोजायचे झाले की कुठंही असो, कन्नड. सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. शाळेतल्या पीटीच्या मास्तरासारखे, खडूनं पांढरे केलेले. तिला मॅडम म्हटलेलं चालायचं नाही. "मॅडम शाळंत असत्यात. हितं आक्का म्हणायचं." तोंडावर मी तिला अहोजाहोच करायचे, पण आठवताना ती मला अगं-तुगंतच आठवते, त्याला माझा इलाज नाही.

दिवस मावळायच्या आत ती जेवायची. सहा वाजले की डबा उघडायचा, मग समोर खात्याचा मोठा साहेब बसलेला असला तरी. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, काकडी. साहेबाला म्हणायची, "तुमचं चालू द्या. कान रिकामे हायत माझे." आणि खरंच, शेवटचा घास झाला की साहेबानं मघाशी काय काय सांगितलं त्यातला नेमका कच्चा दुवा काढून त्याच्यासमोर ठेवायची.

आता मी तिथं कशी पोचले ते सांगते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. हे मी मिरवते, आणि मिरवायची मला लाज वाटत नाही. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला. सुट्टीत मीही तिच्याबरोबर जायचे. दिवसभर शिंकून डोळे लाल व्हायचे आणि त्याच डोळ्यांनी घरी येऊन पुस्तक वाचायचे. लॉ कॉलेजातली बाकीची पोरं उन्हाळ्यात मोठ्या वकिलांकडं बिनपगारी शिकायला जायची. बिनपगारी शिकणं ज्यांना परवडतं त्यांनी शिकावं. मग एक दिवस कॉलेजच्या बोर्डावर कागद लागला: सरकारी वकिलांच्या ऑफिसात उन्हाळ्याचे दोन महिने इंटर्नशिप, मानधनासह. तो शेवटचा शब्द मी तीनदा वाचला आणि मगच अर्ज भरला. वखारीत न जाता, कायद्याचं काम करून, पैसे. असा उन्हाळा आमच्या घरात कुणाच्या वाट्याला आला नव्हता.

राहायची सोय होती. माझा थोरला भाऊ, अण्णा, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. एका खोलीत तो, वहिनी आणि त्यांची तान्ही मुलगी. भिंतीकडेला माझं अंथरूण. माझी फी आजवर अण्णानंच भरली होती, भट्टीपुढं उभं राहून. त्यामुळं मानधनाच्या फॉर्मवर बँकेचं खातं लिहायची वेळ आली तेव्हा मी अण्णाच्या खात्याचा नंबर लिहिला. विचारही केला नाही. आमच्याकडं सगळं अण्णाच्याच नावावर यायचं.

आक्कानं फॉर्म हातात घेतला. "हे खातं कुणाचं?"

"अण्णाचं. थोरल्या भावाचं."

"अण्णा येणार हाय व्हय फायली वाचायला?"

बाकीचे दोघे इंटर्न हसले. माझे कान तापले. "त्यानंच शिकवलंय मला. त्याच्या खात्यात पडले काय, माझ्या पडले काय."

"मग उद्यापास्नं त्यालाच पाठीव. सर्टिफिकेटबी त्याच्याच नावानं देते." तिनं फॉर्म माझ्याकडं सरकवला. "ज्याचं त्याच्या हातात. हातातनं पुढं कुणाला द्यायचं, ते ज्याचं तो बघंल."

मी रागानं माझ्या नावाचं खातं काढलं. घरी सांगितल्यावर अण्णा भाकरी मोडता मोडता थांबला. "माझ्यावर इश्वास न्हाय व्हय तुझ्या आक्काचा?" पहिल्या महिन्याचे पैसे आले, ते सगळे काढून मी त्याच्या हातावर ठेवले. तो हात तसाच पुढं धरून उभा राहिला. मग म्हणाला, "खात्यात आलं असतं तर मला कळलंबी नसतं गं. हे तू दिलंस." निम्मे त्यानं परत दिले. आक्काला मी यातलं काही सांगितलं नाही. तिला ते कळलंच असणार असं मला उगाच वाटायचं.

तिच्या ऑफिसात तीन गोष्टींना बंदी होती. झेरॉक्स, व्हाइटनर, आणि "व इतर".

कुठलाही महत्त्वाचा कागद आम्ही हातानं उतरवून काढायचा. आमच्यातला एक मुलगा बेळगावातल्या वकिलांच्या घरातला होता. त्यानं पहिल्याच दिवशी मोबाइल काढून कागदाचा फोटो घेतला. आक्का म्हणाली, "मोबाइलनं बघितलं. तू कवा बघणार?" त्यानं ती तीन पानं मुकाट्यानं उतरवली, आणि तिसऱ्या पानावर तारीख चुकलेली त्यालाच सापडली. त्यानंतर तो फोटो काढेनासा झाला.

चूक झाली तर खोडायची नाही. तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर लिहायचं, शेजारी सही करायची. "पुसलेली चूक परत येतीया," ती म्हणायची. "दिसत राहिली की लाजंनं येत न्हाय."

आणि "व इतर". कोर्टाच्या कागदावर पहिलं नाव लिहून पुढं "व इतर सहा" लिहायची रीत सगळीकडंच आहे. आक्का तिथं पेन आपटायची. "इतर म्हंजी कोण? त्यांच्या बारशाला कुणी गेलं न्हवतं काय?" कितीही नावं असोत, सगळी लिहायची. एका दाव्यात त्रेचाळीस नावं होती. ऑफिसातले जुने शिपाई, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, ते चहा ठेवता ठेवता म्हणाले, "पोरी, आक्काच्या हातात कारभार असता तर पंचांगातबी सगळ्या गावाची नावं छापली असती."

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली. ऑफिसला नव्हती. त्याच दिवसांत ती फाइल आली.

कोगनोळीच्या अलीकडं, हायवेला लागून एक जमीन होती. सरकारला तिथं लॉऱ्या थांबवायला तळ करायचा होता. उताऱ्यावर सात नावं, सगळी एका घरातली. त्यातल्या धाकट्या भावानं कोर्टात दावा घातला होता की आम्हा भावांना नोटीस न देता, काही न विचारता जमीन घेताहेत. कोर्ट उघडल्याबरोबर सरकारतर्फे उत्तर द्यायचं होतं, म्हणजे कैफियत. तिला एक तक्ता जोडायचा होता: कुणाला नोटीस पाठवली, ती त्याला कधी पोचली. तो तक्ता माझ्याकडं आला.

मी सात पोचपावत्या समोर ठेवून उतरवायला बसले. दावा घालणारा धाकटा सरळ खोटं बोलत होता. त्याची स्वतःची सही पावतीवर होती, खाली तारीख. बाकीच्यांच्याही होत्या. मला मनातून आनंद झाला. माझ्या पहिल्याच केसमध्ये सरकार जिंकणार. चौथी पावती मालन नावाच्या बाईची होती, या भावांची बहीण. तिच्यावर सही थोरल्या भावाची होती आणि बाजूला बारीक अक्षरात "करिता" असं लिहिलेलं. मला ते दिसलं होतं. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. तरी मी सात नावांपुढं सात टिक केल्या आणि खाली सही ठोकली.

आक्कानं तक्ता घेतला. बोट नावांवरून खाली न्यायला लागली. "ओंदु. एरडु. मूरु." मग बोट थांबलं.

"चौथी कुठं हाय?"

"आहे की आक्का. टिक केलीय."

"टिक तू केलीस. तिनं काय केलं?"

"नोटीस थोरल्या भावानं घेतली. बहीणच ती त्यांची. एकाच घरातलं."

"मग?"

"थोरल्याकडं दिलं की घराला पोचलं," मी म्हणाले. "आमच्यात तसंच असतंय."

हे मी अगदी सरळ मनानं म्हणाले. आमच्या घरी रेशनकार्ड, लाइटबिल, माझं दहावीचं हॉलतिकीट, सगळं आधी अण्णाच्या हातात यायचं. त्यात कुणाचं काही चुकतंय असं कुणाला वाटलं नव्हतं. मला वाटलं आक्का आता ओरडणार. ती ओरडली नाही.

"आमच्यातबी तसंच असतंय," ती म्हणाली. "म्हणून तर इचारतीया."

थोडा वेळ ती बुटाच्या लेसशी खेळत बसली. मग खाली बघतच म्हणाली, "माझ्या बापाच्या उताऱ्यावरनं माझं नाव असंच गेलं. माझ्याकरिता भावानं सही केली. भाऊ वाईट न्हवता गं. अजून दर दिवाळीला साडी आणतोय." आणि उठून तिनं खुर्चीतली फाइल काढली, ही फाइल तिथं बसवली. "कागद बघितलास. आता चौथं नाव बघून ये."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी गेले. काकती मागं पडली, निपाणी आली, मी माझ्या गावाच्या फाट्यावरून पुढं गेले. मनात एकच होतं की बाईनं म्हणावं, "दादांनी सांगितलं मला सगळं." म्हणजे माझी टिक टिकली असती आणि सरकारही जिंकलं असतं.

पावतीवर सही करणारे थोरले दादा घरीच होते. त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं. "एवढीशी पोर सरकारची वकील व्हय?"

"शिकाऊ हाय."

"मग शिकून घे. नोटीस आली, सही झाली, मिटलं. मालनीला काय इचारतीस? तिला काय कळतंय. मी हाय की." माणूस वाईट नव्हता. मला आधी ताक दिलं, मग रानाची वाट दाखवली.

मालनबाई वीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर माहेरी आलेली. जमिनीच्या खालच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली, पुढं विहीर, विहिरीच्या कडेनं मिरची आणि वांगी. भाजी डोक्यावर घेऊन ती निपाणीच्या बाजारात बसायची. मी गेले तेव्हा मिरच्या तोडत होती. बांधावर मोजणीचे दगड रोवलेले होते, पिवळा रंग लावून. मी विचारलं, "हे दगड कशाचे, म्हाईत हाय का?"

"लाइटीचं खांब येणार हायत न्हवं?" ती उत्साहानं म्हणाली. "पोरं सांगत हुती. मी म्हटलं, बरं झालं. हिरीवर मोटार बसवीन. किती वर्सं रहाटानं वडायचं?"

मी तिला सांगितलं. लॉऱ्यांचा तळ येणार, ही सगळी जमीन जाणार. ती तोडतच राहिली. ओंजळभर झाल्यावर विचारलं, "म्हंजी हिर?"

"हिरीसकट."

"मला कुणी सांगितलं न्हाय."

"नोटीस तुमच्या दादांनी घेतली."

"दादा इसरला असंल सांगायला." तिनं मिरच्या पाटीत टाकल्या. तिच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं, त्याच गोष्टीनं मला हलवलं. "मग आता कुणाला सांगायचं मी?"

मी सरकारची बाजू होते. माझ्या फाइलीत ती सातातली एक टिक होती. मला गप्प बसून निघायचा पूर्ण हक्क होता. "तुम्हाला कागद येईल," मी म्हणाले. "तुमच्या नावाचा. तुमच्या हातात. त्यावर तुम्हाला बोलायला तारीख मिळेल."

"नक्की?"

"नक्की."

परतीच्या बसमध्ये मी मलाच विचारत होते. कसला कागद? कोण देणार? मी कोण? ऑफिसात पोचले आणि आक्कासमोर उभं राहून सगळं सांगितलं, कबूल करून आले तेही.

"तू कबूल केलंस?" आक्का म्हणाली. "कुणाच्या वतीनं?"

"सरकारच्या," मी म्हणाले.

आक्का हसली. त्या दोन महिन्यांत मी तिला हसताना एकदाच पाहिलं. "बरं. सरकारनं कबूल केलं म्हणायचं." मग तक्ता माझ्यापुढं ठेवला. मी चौथ्या टिकेवर एक सरळ रेघ मारली. वर लिहिलं, "या नावाला नोटीस पोचलेली नाही." शेजारी सही केली. आयुष्यात इतकी जड सही मी पुन्हा केली नाही.

आक्कानं जमीन घेणाऱ्या खात्याला पत्र लिहिलं की चौथ्या नावाला नव्यानं नोटीस द्या, तिचं म्हणणं ऐका, तोवर मी या कैफियतीवर सही करणार नाही. चौथ्या दिवशी खात्याचा साहेब स्वतः आला. खुर्चीत फाइल बसलेली बघून उभाच राहिला.

"मॅडम, तुम्ही वकील कुणाच्या?"

"सरकारच्या."

"मग ही भानगड कशाला? दावा घालणारा खोटा पडतोय. पहिल्या तारखेला निकाल आपल्या बाजूनं. या बाईचं नावसुद्धा त्यानं दाव्यात घेतलेलं नाही. समोरच्याला जे माहीत नाही, ते तुम्ही का उकरून काढताय?"

"मला म्हाईत झालं म्हणून."

"नोटीस घरात पोचलीय."

"घर सही करत न्हाय, साहेब. घराला हात नसतात."

"पुन्हा नोटीस म्हणजे पुन्हा मुदत, पुन्हा सुनावणी. कामाला सहा महिने उशीर. वर काय उत्तर देऊ?"

"सांगा, आक्का चळलीया." तिनं घड्याळ बघितलं. सहा वाजत होते. तिनं डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला. "मी कोर्टात लिहून द्यायचं, नोटीस पोचली. आणि ती बाई हिरीवर बसून लाइटीच्या खांबाची वाट बघतीया. उद्या सरकारच्या तोंडून खोटं निघालं तर ते तुमच्या नावानं न्हाय, माझ्या सहीनं निघणार. त्यापरीस सहा महिने जाऊ द्यात. तळ कुठं पळून जातोय?"

साहेब माझ्याकडं वळला. "हा तक्ता तुम्ही केलात ना? आधी सात टिक होत्या म्हणे."

मी आक्काकडं पाहिलं. ती चटणीत भाकरी बुडवत होती. मला वाचवायला ती तोंड उघडणार नाही हे माझ्या ध्यानात आलं. ज्याचं त्याच्या हातात.

"व्हय, साहेब," मी म्हणाले. "मीच केल्या होत्या. चुकीच्या होत्या. अजून दिसत्यात, बघा. रेघेखाली."

त्यानं तक्ता घेऊन बघितला, परत ठेवला. निघताना त्यानं आक्काला विचारलं, "नवीन नोटीस पोचल्याची खात्री कोण देणार?" आक्का म्हणाली, "ही पोर जाईल तलाठ्यासंगं." साहेबानं मान हलवली आणि गेला.

पुढचं आधीच सांगून टाकते. सुनावणी झाली तेव्हा माझी इंटर्नशिप संपून गेली होती. तिथं काय झालं ते आक्काकडून कळलं. मालनबाई मोठ्या साहेबांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "तळ करा, मी न्हाय म्हणत न्हाय. पण हिर सोडा. लॉरीवाल्यास्नी पाणी लागंल का न्हाय?" एवढ्या शिकलेल्या माणसांनी काढलेल्या नकाशात पाण्याची सोयच नव्हती. नकाशा बदलला. जमीन गेली, पण विहीर, खोली आणि मिरचीचा पट्टा कुंपणाच्या बाहेर राहिला. धाकट्याचा दावा पडला. सरकार जिंकलं, सहा महिने उशिरा. मालनबाईच्या विहिरीवर आता मोटार आहे.

आक्काच्या नेमणुकीची मुदत पुढच्या वर्षी संपली, ती वाढली नाही. का, ते कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. आता ती गावी असते. फोन केला की पहिला प्रश्न तोच, "खुर्चीत कोण बसलंय?" मी तालुक्याच्या कोर्टात सरकारतर्फे उभी राहते. माझ्याही ऑफिसात उन्हाळ्यात मानधनावर मुलं येतात. त्यांच्या फॉर्मवरचं खात्याचं नाव मी आधी वाचते. स्टूल मात्र मला जमलं नाही, माझी पाठ दुखते. मी खुर्चीत बसते आणि फाइल टेबलावर माझ्याकडं तोंड करून उभी करते. आक्काला ते पसंत नाही.

इंटर्नशिपचं सर्टिफिकेट तिच्याकडं छापील नसायचं. "तू काय केलंस ते तुलाच म्हाईत," म्हणून ज्याचं त्यानं लिहायचं, ती फक्त सही करायची. माझ्या सर्टिफिकेटमध्ये मी लिहिलं आहे की एक तक्ता चुकीचा केला आणि दुरुस्त केला. नोकरीच्या मुलाखतीत त्यावर मला चार प्रश्न विचारले. मी चारही प्रश्नांची उत्तरं ताठ मानेनं दिली.

पण ती मला सगळ्यात जास्त आठवते ती मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका सकाळी. नवीन नोटीस घेऊन मी आणि तलाठी कोगनोळीला जायला निघणार, तर ऑफिसच्या पायरीवर आक्का उभी, बुटांना ताजा खडू लावून. "मी येतीया. कामासाठी न्हाय. बघायला." निपाणीपर्यंत आम्ही दोघी बसनं गेलो, तिथून पुढं तिच्या ओळखीच्या माणसाच्या रिक्षानं. तलाठी त्याच्या मोटारसायकलवरून पुढं.

विहिरीजवळ थोरले दादाही आले होते. तलाठ्यानं गाडी चालूच ठेवली, तिच्यावर बसूनच कागद काढला. मी तो मालनबाईला पूर्ण वाचून दाखवला, सावकाश, दोनदा. कोणती जमीन, किती, कशाला, आणि हरकत सांगायची तारीख कोणती. तिनं विचारलं, "ह्यात माझं नाव कुठं हाय?" मी बोट ठेवलं. तिनं स्वतःचं बोट त्याच्या शेजारी ठेवलं, मातीनं भरलेलं, आणि थोडा वेळ उचललं नाही.

पोचपावतीवर सही घ्यायची वेळ आली. तलाठ्यानं पेन पुढं केलं आणि सवयीनं दादांचा हात आला. त्यांनाही ते कळलं नसेल. वीस वर्षं तोच हात पुढं येत होता. मी मधूनच पेन घेतलं.

"दादा, हे त्यांचं हाय."

दादांनी हात खाली घेतला, टोपी काढून पुन्हा घातली.

"मला अंगठा चालंल," मालनबाई म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. "न्हाय, थांबा. बचत गटात सही शिकलीया मी. लई हळू येती."

ती विहिरीच्या कठड्याशी वाकली. पावती कठड्यावर ठेवून एका हातानं दाबून धरली. म काढला, थांबली, त्याला काना दिला. मागं मोटारसायकल फटफटत होती. तलाठ्यानं घड्याळ बघितलं, अ‍ॅक्सिलरेटर पिळला.

आक्का त्याच्याजवळ गेली. पांढऱ्या बुटांवर लाल माती चढली होती.

"गाडी बंद कर," ती म्हणाली. "सही चाललीया."

त्यानं चावी फिरवली. मालनबाई दुसऱ्या अक्षरावर होती.